ठकूमावशींची केस मी बंद केली

"साहेब, मला नका पाठवू. तिथं मी कुणालाच नको हाय," ठकूमावशी जीपच्या दाराला धरून म्हणाल्या. मी त्यांचा हात सोडवला आणि ड्रायव्हरला घोटीकडे घ्यायला सांगितलं.

मी नाशिकमध्ये एका संस्थेच्या बेघर निवारा केंद्राचा व्यवस्थापक होतो. बेघर माणसाला नातेवाइकाच्या दारात पोचवलं की आमच्या भाषेत त्याचं 'पुनर्वसन' होई. नातेवाइकाची सही, दारात फोटो, केस क्लोज. पुढे तो माणूस तिथे टिकला का, जेवला का, हे लिहायला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

ठकूमावशी साठीच्या. नवरा गेल्यावर पुतण्याने त्यांची पथारी गोठ्यात टाकली, म्हणून त्या नाशिकला आल्या. मार्केट यार्डात मेथीच्या जुड्या बांधून स्वतःचं पोट भरत होत्या. त्यांना फक्त निर्धास्त झोपायला जागा हवी होती. ती आमच्याकडे मिळाली होती. म्हणजे त्यांचा प्रश्न सुटलेला होता. तो आम्ही पुन्हा उकरला.

निधी देणारे पाहुणे येणार होते. डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सहा महिन्यांत एकही पुनर्वसन नाही? आपण काय धर्मशाळा चालवतो?"

"सर, ठकूमावशींचा पुतण्या घोटीजवळ आहे, पण त्या जायला तयार नाहीत."

"मग काउन्सेलिंग करा. तुम्हाला ठेवलंय कशाला?"

काउन्सेलिंग म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणं आणि त्याला त्याचा निर्णय घेऊ देणं. मी चार दिवस फक्त माझंच ऐकवलं. म्हातारपणी आपली माणसं जवळ हवीत, वगैरे. शेवटी मावशी गप्प झाल्या. मी फॉर्मवर 'संमती' लिहिलं.

घोटीजवळच्या त्या घरी पुतण्याच्या बायकोने फोटोपुरता मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो होताच हात काढून घेतला. मी ते पाहिलं, आणि जीपमध्ये बसलो.

अकराव्या दिवशी केंद्रातल्या केअरटेकर सुनंदाताईंचा फोन आला. "साहेब, मावशी परत आल्यात. अंगात ताप हाय. आत घेते."

पाहुणे परवा यायचे होते. पुन्हा नोंद केली की पुनर्वसन फसलेलं दिसणार. मी म्हणालो, "नका घेऊ. तीन दिवस थांबायला सांगा त्यांना."

"थांबायचं कुठं, साहेब?"

मी फोन ठेवला.

पाहुण्यांना तो फोटो फार आवडला. दुसऱ्या दिवशी मी मावशींना आणायला निघालो. सुनंदाताईंनी पत्ता दिला होता, द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखालचा. तिथल्या चहावाल्याने सांगितलं, म्हातारीला काल अँब्युलन्समधून नेलं. मी दवाखाना गाठला. मावशी पहाटेच वारल्या होत्या. कागदावर लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ.'

"ओळखता का?" कारकुनाने विचारलं.

नाव सांगितलं तर फाइल उघडणार, आणि आमची पुनर्वसित बाई पुलाखाली कशी, हा प्रश्न येणार. मी मान हलवली. "नाही. दुसऱ्या कुणाला शोधतोय."

डायरेक्टर आजही सभांमधून बेघरांवर बोलतात. लोक टाळ्या वाजवतात. मला चीड येते. पण त्यांनी एकदा दम दिला आणि मी लगेच वाकलो, त्याची जास्त येते. फार तर नोकरी गेली असती. मावशींच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नव्हतं, मी होतो.

त्या अनोळखी नव्हत्या. त्यांचं नाव ठकूबाई सोमा गांगुर्डे. राहणार नाशिक. त्यांनी घरी जायला शेवटपर्यंत नकार दिला होता. 'संमती' हा शब्द माझा आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगतो. माणूस नको म्हणत असताना त्याला गाडीत बसवून दुसरीकडे सोडून येण्याला पुनर्वसन म्हणू नका. त्याला वाहतूक म्हणतात.