आधी कुणाचं नाव

माघ सरत आला होता. पहाटे अंगावर घोंगडं आणि दुपारी डोक्यावर ओला रुमाल, असं निमगाव केतकीचं दुतोंडी हवामान चाललं होतं. वृषाली भोंग दोन्ही हातांत बापाचे जुने पायमोजे चढवून भेंडी तोडत होती. भेंडीची लव हाताला लागली की दिवसभर खाज सुटते, आणि माइकसमोर बसून खाजवलं की ती खरखर पार काटेवाडीपर्यंत ऐकू जाते. क्रेट भरून झाला की तो आईच्या हवाली करायचा, केसांतला पाला झटकायचा आणि एसटी गाठायची, हा तिचा रोजचा नेम. आईचं रोजचं म्हणणंही ठरलेलं. रेडिओवरनं सगळ्या तालुक्याला नमस्कार घालतीस, घरात पाव्हणा आला तर तोंड उघडत न्हाईस.

वृषाली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजातल्या रेडिओ केंद्राची प्रमुख होती. केंद्र म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. संस्थेतल्या माळकरी मंडळींनी त्याला हरकत घेतली तेव्हा ट्रेंना हिरवा रंग मारला, मग हरकत मिटली. दाराबाहेर पाटी होती: 'विद्यार्थ्यांनी चालवलेले केंद्र'. त्यापेक्षा मोठ्या अक्षरांत संस्थेचे अध्यक्ष महिपतराव यांचं नाव, त्याखाली प्राचार्यांचं, त्याखाली उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं. विद्यार्थ्याचं एकही नाव नव्हतं. जागाच उरली नव्हती.

सुरुवातीला तिथं फक्त प्राचार्यांचं 'चिंतन' लागायचं. ते ऐकायला खुद्द प्राचार्य गाडीत जाऊन बसत, कारण रेडिओ गाडीत होता. दुसरं कोणी ऐकत असल्याचा पुरावा नव्हता. मग वृषाली आली, आणि तिच्याबरोबर काटेवाडीचा ऋषिराज, मशीन सांभाळणारा. दोघांनी चिंतन हळूहळू आखडतं घेतलं. कुठल्या गावाला थ्री फेज किती वाजता येणार, कालव्याचं पाणी कुठल्या चारीला सुटलं, कुणाची शेळी कुणाच्या मक्यात घावली, हे सांगायला लागले. वृषाली पहिले काही दिवस पुस्तकी बोलली, तर लोकांना वाटलं पुण्याची पोरगी भाड्यानं आणली. मग ती आपल्या बोलीवर आली. गोठ्यात, पोल्ट्रीत, रसवंतीवर मोबाइल गुणगुणायला लागले.

खरा जोर आला तो वाढदिवसांनी. आपल्याकडं माणूस जन्मतो एकदाच, पण वाढदिवस चौकाचौकांत होतो. फ्लेक्सला खर्च येतो, वाऱ्यानं तो फाटतो, आणि खालच्या रांगेतले फोटो इतके बारके की आईला पोरगं ओळखू येत नाही. रेडिओवर नाव फुकट आणि स्पष्ट. ज्याचा निरोप आधी त्याचं नाव आधी, एवढा एकच नियम वृषालीनं घातला होता. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, कारण तोवर मोठ्या माणसाचा वाढदिवस आला नव्हता.

तो आला. महिपतरावांचा, म्हणजे सगळ्यांच्या आबांचा. त्यातून साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर, आणि महिपतरावांनी आपलं पॅनेल मुठीत झाकून ठेवलेलं. कुणाला तिकीट, कुणाला नारळ, कुणालाच कळत नव्हतं.

पहिला निरोप आला झुंबर तात्यांचा. तात्या साधे ऊस-भाजीवाले. उसाला पाणी धरायला अंधारातच उठले होते, बांधावर बसल्या बसल्या त्यांनी 'आबांना उदंड आयुष्य' असं पाठवून दिलं. कारखान्याची संचालक मंडळी निवांत उठली, त्यांचे निरोप त्यांच्या माणसांनी पाठवले, तेही चहा-नाष्टा झाल्यावर. वृषालीनं नियमानं वाचलं. आधी झुंबर तात्या, मग एक गवंडी, मग एक वायरमन, मग महिला बचत गट. संचालक पार मागं, कुक्कुट खाद्याच्या दुकानाच्या खाली.

दुपारपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्या यादीचा अर्थ लागला. रेडिओ संस्थेचा, संस्था आबांची, मग नावांचा क्रम दुसऱ्या कुणाचा असणार? झुंबर तात्याचं तिकीट पक्कं. गवंडी म्हणजे बलुतेदारांना न्याय. वायरमन म्हणजे वीजमंडळाची मतं. संचालकांचा पत्ता कट. आबा लई खोल माणूस, पोरीच्या तोंडून वदवलं.

संध्याकाळी तात्यांच्या दारात टॉवेल, टोपी, नारळ घेऊन माणसं उभी. तात्या म्हणाले, बाबांनो, मला काय ठाऊक न्हाय. माणसं एकमेकांकडं बघून हसली. तात्या कसलेला गडी, तोंडातून शब्द काढत नाही. तात्या घाबरले आणि दुसऱ्या दिवशी सायकल हाणत केंद्रावर आले. आपण कुठंही उभे नाही, एवढं रेडिओवर सांगा, म्हणाले. वृषालीनं सांगितलं. त्यावर तर लोकांची खात्रीच पटली. उभा नसलेला माणूस कशाला सांगेल की मी उभा नाही?

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी वृषालीला बोलावलं. अध्यक्ष संतापले आहेत, संचालक विरोधी गटाच्या जेवणाला जाऊन आलेत, असं कळवळून सांगितलं. मग मुद्द्यावर आले. उद्यापासून माइकवर अध्यक्षांचे पुतणे बसतील. विद्यार्थी 'श्रोते म्हणून सहभागी' होतील. पाटी आहे तशीच राहील, तिला धक्का लागणार नाही. आज संध्याकाळी बंगल्यावर येऊन फक्त माफी मागायची आणि खोलीची किल्ली द्यायची.

बाहेर थांबलेला ऋषिराज म्हणाला, देऊन टाक, परीक्षा जवळ आली. वृषालीनं किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

बंगल्याच्या हॉलमध्ये सगळे संचालक ओळीनं बसले होते. ओळीनं म्हणजे जो तो आबांच्या जवळची खुर्ची धरून. पुतण्या आबांच्या मागं उभा, गॉगल डोक्यावर. आबांनी पोरीला उभंच ठेवलं.

"नावं कुणी लावली?"

"कुणी न्हाय आबा. जो आधी कळवील त्याचं आधी."

"ही काय रेशनची रांग हाय व्हय? माणसाचा मान बघायचा आसतो."

"आमाला कळला न्हाय मान," वृषाली म्हणाली. "आता तुमीच सांगा. पहिलं नाव कुणाचं घ्यू?"

आबांनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. प्रत्येक संचालक थोडा पुढं सरकून बसला होता. आबांनी उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. मग ज्येष्ठतेप्रमाणे घ्या, असं म्हणून बघितलं. वयानं का पदानं, असं एकानं विचारलं. पक्षात आधी कोण आलं, दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला, कुठल्या पक्षात ते आधी ठरवा. चौथ्यानं पाचव्याच्या सासऱ्याचं जुनं बंड काढलं. चहा आला तो कुणापुढं आधी ठेवायचा, यावरून वाढणारा गडी दारातच अडला.

वृषाली एक पाऊल पुढं आली. "आबा, एक बोलू? कालव्याच्या पाण्यासारखं करूया. टोकाच्या गावापासनं सुरुवात. टोकाला आधी, मुखाला शेवटी."

टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी मिळालं पाहिजे, हे यातल्या प्रत्येकानं प्रत्येक सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. एकानं तर त्यासाठी उपोषणही केलं होतं, दुपारच्या जेवणापर्यंत. आता न्हाय कोण म्हणणार? मुखाच्या, म्हणजे पाणी जिथनं सुटतं तिथल्या गावचे दोघे घसा खाकरून खुर्चीत मागं सरकले.

"मी तेच म्हणत हुतो," आबा म्हणाले.

"मग काका, ती टोकाकडनंची यादी मी वाचतो," पुतण्या पुढं झाला आणि त्यानं किल्लीसाठी हात केला.

वृषालीनं ओढणीचं टोक घट्ट धरलं. घरी पाव्हण्यासमोर कधी उघडत नव्हती ते तोंड तिनं आता नीट उघडलं.

"आबा, ह्यांनी वाचलं तर त्ये तुमी वाचल्यागत हुतंय. एखादं नाव खाली-वर झालं तर तुमी केलं म्हणतील. आमी वाचलं तर चूक पोरांची."

आबांनी सावकाश मान वळवून पुतण्याकडं बघितलं. भाषणात माइक बंद पडला तर वायरमनवर, सभेला गर्दी नसली तर उन्हावर, असा त्यांनी आयुष्यभर दोष दुसरीकडं ठेवून कारभार केला होता. इतकी सोयीची जागा घरच्या माणसाला देऊन फुकट घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. संचालकांनाही एकदम लोकशाही आठवली. पोरांचं केंद्र हाय, पोरांनीच चालवावं, असं तीन-चार तोंडांतून निघालं. पुतण्याचा हात हळूहळू खिशात गेला. प्राचार्य म्हणाले, विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवणे हेच माझे पहिल्यापासूनचे चिंतन आहे.

"रेडिओ तुजा," आबा म्हणाले. "पण चुकलीस तर तुजं तूच भोगायचं."

"व्हय," वृषाली म्हणाली. तिला तेवढंच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवसापासून नावं टोकाकडून वाचली जाऊ लागली. ज्या वस्त्यांची नावं तोवर फक्त पाणीटंचाईच्या बातमीत येत, ती पहिल्यांदा शुभेच्छा देताना ऐकू आली. मुखाच्या गावचे एक संचालक फोनवर आले आणि आपलं शेत तसं बघितलं तर चारीच्या टोकालाच पडतं, असं समजावून सांगायला लागले. त्यांच्यामागून दुसरे आले. आठवडाभरात कालव्याला मुख असं राहिलंच नाही, सगळा तालुका टोकाला जाऊन बसला. वृषाली प्रत्येकाला 'व्हय' म्हणायची आणि नकाशा बघून वाचायची.

पॅनेल जाहीर झालं त्यात झुंबर तात्यांचं नाव होतं. इतके टॉवेल-नारळ ज्याच्या घरात गेले त्याला वगळायची आबांची छाती झाली नाही. 'जनतेचा आग्रह' असं पत्रकात होतं. तात्या केंद्रावर आले, नव्या टोपीत अवघडलेले, आणि दारातच टेकले.

"पोरी, आता रोज मीटिंगा. माझं पाणी कोण धरायचं?"

वृषालीनं त्यांना प्यायला पाणी दिलं. ऋषिराजनं विचारलं, तात्यांचं अभिनंदन वाचायचं का, तर ती म्हणाली, निरोप आला की वाचू, त्यांच्या गावाचा नंबर लागेल तेव्हा.

बाहेर ऊसतोड जोरात होती. पेटवलेल्या पाचटाची काजळी खिडकीच्या फटीतून आत येऊन आवाजाच्या मिक्सरच्या बटणांवर बसली होती. वृषालीनं खुंटीवरचं फडकं घेतलं, झटकलं, आणि एकेक बटण पुसायला लागली.