बैलाचे नाव टाका

किस्से काही कोणी पेरत नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या गवतासारखे आपसूक उगवतात. उपटायला बसलो की मग कळतं, किती झाले! आमच्या देवळीजवळच्या कापसाच्या जिनिंगच्या गेटवर मोबाईलचं अ‍ॅप आलं, आणि माझ्याकडे असेच किस्से झाले.

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती कापसाच्या गाठींवरचे छाप पाहून. मिशा काळ्या होत्या तेव्हापासून माझं काम एकच. कापूस घेऊन आलेल्या गाड्या रांगेत लावायच्या, आणि ज्याची पाळी आली त्याला हाक मारायची.

शेठजी म्हणाले, "बाबाजी, आता हाक अ‍ॅपच मारणार. ते नीट चाललं की तुम्ही घरी आराम करजा."

आराम कसा असतो, हे मी घरी बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारून आलो. कोणी चांगलं सांगितलं नाही.

*

अ‍ॅप बनवणाऱ्या रसिका मॅडम नागपूरच्या. दर सोमवारी यायच्या, रांगेत फिरायच्या. "काका, अ‍ॅप कसं वाटतं? फीडबॅक द्या ना."

"लय बेस आहे, मॅडम!"

पाहुण्याला तोंडावर वाईट कसं सांगणार? मॅडमची गाडी वळली, की तेच लोक माझ्या खुर्चीभोवती. "बाबाजी, हे काय लावून ठेवलं? बटन दाबलं की चकरी फिरते, ते फिरूनच राह्यली!"

चौथ्या सोमवारी मॅडमनं गाडी रिकामीच पाठवून दिली, आणि स्वतः माझ्यामागच्या पाण्याच्या टाकीआड बसल्या.

त्या दिवशी त्यांची वही भरली.

*

पाळी लावायला अ‍ॅप गाडीचा नंबर मागायचं. बैलबंडीला कुठला नंबर?

बंडीवाला लक्ष्मण म्हणे, "बाबाजी, मी काय टाकू?"

म्हटलं, "बैलाचं नाव टाक."

त्यानं 'चांद्या' टाकलं. अ‍ॅपनं घेतलं! आठवडाभरात साऱ्या बंड्या बैलांच्या नावानं लागल्या. मॅडमनं ते पाहिलं, खूश झाल्या, आणि नव्या अ‍ॅपमध्ये वेगळा रकानाच काढला: 'बैलाचे नाव टाका.' भरल्याशिवाय पुढं जाता येईना.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला रामदास गेटवर अडकला. "बाबाजी, ट्रॅक्टरले बैल कुठून आणू?"

"कोणाचं तरी नाव टाक ना बापा."

त्यानं जरा विचार केला आणि सासऱ्याचं टाकलं. पाळी आली तेव्हा गेटवरच्या अ‍ॅपच्या पाटीवर मोठ्या अक्षरात सासरा झळकला. तो ट्रॉलीवरच बसला होता.

सगळ्यांना सांगत सुटला, "जावई लय मान देते मले!"

*

पाटी वाचायला कोणी येईना. लोक लिंबाच्या सावलीत, पाटी उन्हात. म्हणून गेटवरच्या भोंग्यातून अ‍ॅपचा आवाज आला. बाईचा, गोड. "कृपया आपले वाहन प्रवेशद्वाराजवळ आणावे."

कोणी हललं नाही. लक्ष्मण म्हणे, "कोणती गाडी आली म्हणते?"

मग मॅडमनं माझी हाक भरून घेतली. "ये रे भाऊ, घे गाडी आत!" नागपूरला नेऊन साफ केली. सुरुवातीचा खोकला काढून टाकला.

माणसं उठली. बैल उठेनात! इतकी वर्षं ते खोकल्यावर उठत होते.

पुढच्या अ‍ॅपमध्ये खोकला परत आला. शेठजींनी ऐकला आणि म्हणाले, "बाबाजी, आता तर तुमचा खोकलाही त्याच्यात गेला. सोमवारपासून आराम करजा."

*

मी घरी बसलो. पुढचं लक्ष्मणनं येऊन सांगितलं.

मॅडम आल्या, रांगेत फिरल्या. "लय बेस आहे, मॅडम!" मग टाकीआड जाऊन बसल्या. पार ऊन उतरेपर्यंत. खुर्ची रिकामी, तर लोक कोणापाशी बोलणार? वही कोरी.

मॅडम शेठजींना म्हणाल्या, "अ‍ॅप सुधारू कशावरून? खुर्चीत बाबाजी पाहिजेत."

शेठजींनी मला बोलावून घेतलं. मी विचारलं, "काम काय करू?"

"काही नाई. फक्त बसजा."

*

बसलो. मग लोकांचं नवं सुरू झालं. "बाबाजी, तुम्ही आहा का नाई ते घरूनच समजलं पाहिजे." मॅडम टाकीआड होत्याच. नव्या अ‍ॅपमध्ये वरच एक दिवा आला: 'बाबाजी गेटवर.' मी असलो की हिरवा, नसलो की लाल.

एक दिवस मी डोळे दाखवायला हिंगणघाटला गेलतो. डॉक्टरनं डोळ्यात औषध टाकून बसवून ठेवलं होतं, तेवढ्यात शेठजींचा फोन.

"बाबाजी, दुपार झाली, गेटवर एक गाडी नाई! अ‍ॅप बिघडलं वाटते."

मी विचारलं, "दिवा कोणता दिसते?"

"लाल."

"मंग बरोबर चालून राह्यलं, शेठजी."