सायरबाईंचा पितळी डबा

आमच्या सासूबाई, सायरबाई, पाणी गाळल्याशिवाय प्यायच्या नाहीत आणि वाटेत मुंगी दिसली तर थांबून राहायच्या. त्याच बाईने महिनाभर माशांना दगड मारले. पिंपळनेरात लोक म्हणाले, म्हातारी बिघडली. बिघडली नव्हती हो! मी सून, रोज सोबत होते, मला विचारा.

जंगलातून येणाऱ्या नाल्यावर एक खोल डोह आहे. सासूबाई वीस वर्षं तिथे कणकेच्या गोळ्या घालत होत्या. खडकावर बसून पितळी डबा चमच्याने वाजवला की हात-हातभर मासे काठाशी यायचे, बोटांना तोंड लावायचे. त्या माशांशी जितक्या लाडाने बोलायच्या, तितक्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळात, रस्त्याचं काम निघालं. लीलाधर नावाचा ठेकेदार खडक फोडायला सुरुंगाचे तोटे घेऊन आला. एका दुपारी त्याच्या माणसांनी डोहावर पत्र्याचा डबा बडवला. मासे धावत आले, आणि मेल्यांनी त्यांच्यात तोटा टाकला! आम्ही पोचलो तेव्हा मोठे मासे पोत्यात गेले होते आणि बोटभर पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती.

शेजारच्या पाड्यावरची भिकुबाई मासे धरूनच पोट भरायची. पण पाऊस पडेपर्यंत या डोहाला पाड्यावरचं कुणी हात लावत नसे, तशी त्यांची रीतच. तीही काठावर आली होती, ती कडाडली, "अक्का, उन्हाळामा बठ्ठा नाला सुकस, मासा आठेच जीव धरीसन बसस. पाऊस पडना का आठलाच मासा वर जंगलमा चढस, अंडा घालस. हाऊ डोह मरना ते नाला मरना. आन तूच त्यासले डबाना नाद लावा!"

सगळा नाला आटला की मासे याच डोहात तगतात, हे ठीक; पण डब्याचा नाद लावला म्हणून दोष सासूबाईंना? मी भांडायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझा हात दाबला.

"खरं बोलते ती," त्या म्हणाल्या. "माझं पुण्य त्यांच्या मुळावर आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा वाजवला. वाचलेले मासे भाबडेपणाने आले. सासूबाईंनी त्यांच्यावर मूठभर खडे भिरकावले. मग रोज तेच. डबा वाजवायचा, खडे मारायचे, आणि घरी येईपर्यंत रडायचं.

समाजातले वडीलधारे पारसमलजी घरी आले. "जैनाच्या घरची बाई जिवाला दगड मारते?"

"मारते," सासूबाई म्हणाल्या. "पाप लागेल ते मला लागेल, तुम्ही वाटून घेऊ नका. तोटा पडला तेव्हा कुठे होतात?"

पारसमलजी चहा न घेता गेले. बरं झालं, दुष्काळात तेवढीच साखर वाचली.

पावसाच्या तोंडावर लीलाधर स्वतः तोटा घेऊन डोहावर आला. त्याच्या घरी जावई आले होते, त्यांना मासे हवे होते. सासूबाई खडकावरून हलल्या नाहीत. त्यांनी डबाच त्याच्यापुढे धरला.

"घे, माझा वाजव. एक जरी मासा आला तरी मी उठते, मग टाक तोटा."

लीलाधर हसला आणि त्याने डबा वाजवला. काठाजवळ दिसणाऱ्या सावल्या गर्रकन वळल्या आणि खडकाच्या कपारीत शिरल्या. त्याने जोरात बडवला. पाणी नुसतं शांत.

"तोटा इथे फुकट घालवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "रस्ता अजून बाकी आहे तुझा."

डबा आपटून तो गेला. काठावर उभी भिकुबाई पोट धरधरून हसली.

पाऊस आला, मासे वर चढले. पुढच्या उन्हाळ्यात डोह पुन्हा भरलेला दिसला. रस्ता झाला होता, ठेकेदार गेला होता. मी घरून कणकेच्या गोळ्या नेल्या आणि म्हटलं, "आता बोलवा की एकदा."

सासूबाईंनी डबा वाजवला. एकूण एक मासा पळाला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि एक खडा उचलून पाण्यात मारला.