कडी मिस्त्री

आमचे कडी मिस्त्री नव्या इमारतीच्या गच्चीवर गेले की आधी पोटावर आडवे व्हायचे. सरकत कडेपाशी जायचे, डोकं बाहेर काढायचे आणि खालची भिंत निरखत राहायचे. सोलापुरात तेव्हा मी एका कंत्राटदाराकडे नकाशे काढत असे. मालक उभा, मी कोट घालून उभा आणि आमचे मिस्त्री पालथे! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. गच्चीत लोखंडी कड्या ठेवा, हा एकच धोशा त्यांनी लावलेला. दिवाळीआधी भिंतींना चुना मारणारे रंगारी फळीला दोर बांधून ती गच्चीवरून खाली सोडत. तिला पाळणा म्हणत. त्या दोरांसाठी कडेपासून चार हात आत, थेट तुळईत अडकवलेल्या कड्या हव्यात, असं मिस्त्रींचं म्हणणं. "बांधणारा एकदा येतो. चुना मारणारा दर साली येतो की," म्हणायचे. बसवलेल्या प्रत्येक कडीवर वाळूच्या पोत्यांचा भार दिवसभर टांगून ठेवायचे. काम खोळंबायचं, मी चरफडायचो, ते ढिम्म.

मग पेठेतल्या एका कापडवाल्या शेठजींची तिमजली इमारत उभी राहिली. गच्ची धुतली त्या दिवशी एका कडीच्या बुडातून पाणी झिरपलं आणि दिवाणखान्याच्या छताला डाग पडला. शेठजी म्हणाले, "त्या कड्या कापून टाका. कठडा आहे ना?" कठडा म्हणजे साच्यातून काढलेले सिमेंटचे नक्षीदार खांब, माझ्याच हौसेचे. मिस्त्री कळवळून मला म्हणाले, "सायेब, पाणी गळलं तर डांबर लावू. माणूस पडला तर काय लावू?" मला ते पटत होतं. तरी मी गच्चीतल्या कड्या कापायला लावल्या आणि नकाशावरूनही त्या ब्लेडनं खरवडून काढल्या. शेठजींशी वाद घालायची माझ्यात धमक नव्हती, हे आज सरळ सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर नरसू रंगाऱ्यानं पाळण्याचे दोर कठड्याच्या खांबांना बांधले. तो दुसऱ्या मजल्यापाशी असताना एक खांब बुडापासून उखडला. नरसू जगला, पण पुन्हा चालला नाही.

शेठजींना वाईट वाटलं, नाही असं नाही. "दोर जुना असणार," म्हणाले आणि मनगटाएवढा जाड, नवाकोरा दोर आणवला. अहो, जुना दोर तुटलाच नव्हता. पडलेल्या खांबाला तो तसाच गुंडाळलेला सापडला होता! पण ते ऐकायला वेळ कुणाला होता? त्याच साच्यातून नवा खांब काढून बसवलासुद्धा.

त्या नव्या दोराचं वेटोळं घेऊन मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. चिडले असते तर बरं झालं असतं. वेटोळं त्यांनी नकाशाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "दोर झकास हाय, सायेब. आता ह्यो बांधायचा कुटं, तेवढं दावा."

मी नकाशावर बोट फिरवत राहिलो. मिस्त्री काम सोडून निघून गेले, ते कायमचेच.