कुणी न सांगता झटकलेला पदर

“तत्त्वज्ञान हे भरल्या पोटाचं काम. तुम्ही नर्सिंगला जा. चार घास तरी मिळतील.”

अमरावतीच्या कॉलेजात, भरवर्गात, सर मला म्हणाले. शिक्षण माणसाला मोकळं करतं, हे ते त्याच तासाला शिकवत होते. वर्ग हसला. आम्ही बौद्ध होऊन थोडीच वर्षं झाली होती. वर्गात आमच्यातली मी एकटीच. मला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. तरी मी उठले, पुस्तकं गोळा केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

राग आला नाही. सरांचं म्हणणं खरंच वाटलं. माझी मोठी बहीण अकोल्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. तिची शाळा सुटली म्हणून माझी चालू राहिली. तिच्या केसांत रुईचा भुगा, आणि मी ‘माणूस म्हणजे काय’ वाचत बसलेली. स्वतःचीच लाज वाटायची. मी ताईला निरोप धाडला, कॉलेज सोडते.

रोजी बुडवून ती आली. कॉलेजच्या फाटकात खाकी कपड्यातला चौकीदार होता. त्याच्यासमोर ती थांबली आणि तिनं पदर झटकला. जिनातून सुटताना बायांना तिथल्या खाकीतल्या चौकीदारासमोर रोज असा झटकावा लागायचा, कापूस चोरला नाही हे दाखवायला. इथं तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं.

पोरं खिदळली. मी मागे सरकले. ही माझी कुणी नाही, असं दाखवायला. ते सरकणं आजही मला खातं.

“ताई, झटकला काहून?”

“खाकी दिसली का हात आपोआप जाते व.” मग ती चिडली. “तू काहून सोडून राहिली कॉलेज?”

“सर म्हणाले.”

“मंग? तो म्हनते अन् तू उठते?”

मागच्या बाकाचं तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी तिचा हात धरला, पोरांच्या देखत तिला वर्गाच्या दारापर्यंत नेलं. सरांचा तास सुरू होत होता. आत जाऊन पहिल्या बाकावर बसले.

“नर्सिंगचं काय ठरलं?” सरांनी विचारलं.

“नर्स व्हायचं तर मी ठरवीन, सर. मी हाच विषय शिकणार. माझी बहीण कुणी न सांगता पदर झटकते. हे तिच्या अंगात कुणी भरलं, ते मला शिकायचंय.”

सर फळा पुसायला वळले.

संध्याकाळच्या गाडीनं ताई परत गेली. दुसऱ्या दिवशी जिनाच्या फाटकात तिनं पदर झटकलाच असणार. माझ्या उत्तरानं तिचं काहीच सुटलं नाही, आणि ती झटकत होती तेव्हा मी शिकत होते. हे मी स्वतःला माफ करणार नाही.

आता माझं शिकून झालंय, जिनातल्या बायांच्या पोरींना मी शिकवणार आहे. पहिला धडा ठरलाय. कुणी ऊठ म्हटलं, किंवा न म्हणताच उठावंसं वाटलं, तरी उठायचं नाही. विचारायचं, काहून?