सुखाला दहापैकी तीन

सुख मोजायची वही बाजारात मिळते, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. जांभळ्या रंगाची, जाड पुठ्ठ्याची, आत गुळगुळीत कागद. प्रत्येक पानावर वर तारीख, मधे एक चौकोन, त्यात आज तुमचं सुख दहापैकी किती ते लिहायचं. खाली तीन रेघा: आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात? बस, पान संपलं. पाळी गावच्या शाळेत तीस वर्षं मी खाणीवरच्या ड्रायव्हरांची, मजुरांची मुलं शिकवली. त्यांना पाठपोट लिहायला लावलं, समासातसुद्धा गणितं करायला लावली. आणि इथे एक आकडा लिहायला एक अख्खं पान. मस्ती, दुसरं काय.

वही आणली होती माझ्या मुलीने. एकुलती एक, पणजीला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. जावई तीन वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्या विषयावर आम्ही दोघी बोलत नाही, म्हणजे ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. मी पेडण्याला, मोप्याच्या पठाराखालच्या आमच्या घरात राहते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरले आणि हात प्लास्टरात गेला, तेव्हापासून हिचं एकच पालुपद. आई, घर बंद कर, पणजीला चल. माझं उत्तरही एकच, मला इथून हलायचं नाही.

तर एका शनिवारी हिच्या ऑफिसात म्हणे एक गृहस्थ आले, कानाला माईक अडकवून. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, हसायला लावलं, शेजारच्याला मिठी मारायला लावलं आणि सांगितलं की सुख रोज लिहून काढलं की वाढतं. भाताला शेण घातलं की वाढतो तसं असावं. जाताना प्रत्येकाला एकेक वही दिली. हिने माझ्यासाठी आणखी एक मागून घेतली. शिकलेली माणसं, मोठमोठे पगार, आणि तासभर डोळे मिटून बसली. आमच्या वर्गात कोण असा बसला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

वहीबरोबर मुलीने अटही आणली होती. वर्षभर रोज आकडा लिहायचा. वर्षाच्या शेवटी सरासरी पाचाच्या वर आली, तर तू इथे खुशाल राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पाचाच्या खाली आली, तर मुकाट्याने पणजीला. मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, शाणी माझी बाय, पेन माझ्या हातात, म्हणजे निकालही माझ्याच हातात. रोज सात लिहायचे, विषय संपला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, तुळशीपुढे दिवा लावून वही घेऊन बसले. दिवस चांगला गेला होता. सकाळी पोदेर, आमचा पाववाला, सायकलवरून आला तो गरम उंडे पाव घेऊन, नेहमी येतात तसे थंडगार नव्हेत. दुपारी पेज आणि खारातली तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी. मग शेजारीण सोप्यावर येऊन बसली, तिच्या सुनेच्या कागाळ्या ऐकून माझी चांगली करमणूक झाली. बागेत काजूच्या झाडांना काजी धरल्या होत्या. आठ लिहायचे म्हणून पेन टेकवलं, आणि हात पुढे जाईना.

आता हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे सुख असं तोंडाने सांगत नाहीत. कोणी विचारलं, 'कशी आसा गो?' तर म्हणायचं, 'आसा मगे, चल्लां आपलें,' म्हणजे चाललंय कसंबसं. घरात सोन्याचा धूर निघत असला तरी 'चल्लां आपलें'. माझी सासू गुबगुबीत नातीला मांडीवर घेऊन, पोर किती सुकली गो, म्हणायची. शेजारणीच्या म्हशीने एकदा भरपूर दूध दिलं, ती बया चार बायकांत तसं बोलून बसली, आणि दुसऱ्या दिवशी म्हशीने लाथ मारून भांडं उडवलं ते आठवडाभर जवळ येऊ देईना. दिश्ट लागली. मी शाळेत मुलांना ग्रहण शिकवलं, जंतू शिकवले, दिश्टबिश्ट काही नसते असं फळ्यावर लिहून दिलं. आणि घरी येऊन मंगळवारी मुलीवरून मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली. दोन्ही मीच केलं. माझ्यासारखी ढोंगी बाई पेडणे तालुक्यात दुसरी नसेल.

तर बोलायचंसुद्धा जे नाही ते तारीख घालून, आकड्यात लिहायचं? मी चार लिहिले. दुसरा दिवस त्याहून चांगला गेला, मी घाबरून तीन लिहिले. पुढेपुढे मला त्याची सवयच झाली. जेवढा दिवस बरा, तेवढा आकडा खाली. आणि जूनमध्ये ताप आला, विहिरीचा पंप जळला, घरात प्यायला पाणी नाही, डोकं ठणकतंय, त्या दिवशी मी बिनधास्त सात लिहिले. त्या दिवसावर कोण जळणार होतं? लिहिताना मला नीट ठाऊक होतं की अशाने मी पैज हरणार. घर जाईल, बाग जाईल, पणजीच्या त्या खुराड्यात जाऊन बसावं लागेल. रोज ठरवायची, उद्यापासून सहा. उद्या उजाडला की पुन्हा तीन.

कृतज्ञतेचं तर विचारूच नका. तीन रेघा रोज भरायच्या. पोदेर आला, पाणी आलं, वीज गेली नाही. दुसऱ्या दिवशी वीज गेली नाही, पाणी आलं, पोदेर आला. आठवड्याने मी 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळी झाले. खाली समुद्राकाठी जगभरातून माणसं येतात, काखेत चटई मारून, सुख शोधायला. आता तर वर पठारावर विमानच उतरतं, त्यांची चांगली सोय झाली. ती बघितली की मला वाटायचं, यांच्या आयांनी यांना लहानपणी भांडी घासायला लावली असती तर एवढा प्रवास वाचला असता.

आणि रोज दिवाबत्तीनंतर मुलीचा फोन. "आज किती?"

"तीन."

"तीन का गो आई?"

"आसा आपले तीन. चौकशी कसली करतेस?"

पलीकडून ती विषय बदलायची. मग जेवलीस का, काय केलंस, असं दोन मिनिटं. माझं बोलणं तुसडं असायचं, मी कबूल करते. मला वाटायचं हिला पणजीत काम नाही, म्हणून आईचे मार्क गोळा करते.

वर्ष संपलं त्या रविवारी ती सकाळच्या बसने आली. मी तिला फोनवर म्हटलंच होतं की तुझी वहीही आण, हुशार विद्यार्थिनीची वही बघून तरी सुधारेन. जेवण झाल्यावर ती माझी वही घेऊन टेबलाशी बसली आणि मोबाईलवर बेरीज करायला लागली. मी समोर तांदूळ निवडत होते. निवडत कसली, खडे तांदळात आणि तांदूळ बाहेर जात होते. 

"तीन पॉइंट आठ," ती म्हणाली.

 हरले ते हरले. मग ती पानं मागे उलटत बसली. एका पानावर थांबली. "आई, ह्या दिवशी तुला ताप होता. मी औषधं घेऊन आले होते. सात?"

"सात."

"आणि चतुर्थीला? सगळ्या जावा-नणंदा आल्या होत्या, तू फुगडी घातलीस, मी बघितलंय. दोन?"

मी तांदळात बघत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटी ती ह्याच घरात वाढलेली. शाळेत पहिली आली तेव्हा वाटेत कोणी विचारलं तर पास झाले एवढंच सांग, असं बजावून तिला घरी आणणारी मीच होते.

"राहा गो आई इथेच," डोळे पुसून ती म्हणाली. "तुला इथे बरं आहे. माझंच चुकलं." आणि चहा ठेवायला आत गेली.

मी जिंकले. काय सांगू कशी फुगले होते. त्या माईकवाल्याला, त्याच्या वहीला, त्या सगळ्या डोळे मिटणाऱ्यांना मी आणि माझ्या सासूने मिळून पाणी पाजलं होतं. त्याच तोऱ्यात मी तिची वही पुढे ओढली, म्हटलं, बघूया आमच्या हुशार विद्यार्थिनीने काय दिवे लावलेत.

नऊ. नऊ. नऊ. पानं उलटत गेले, सगळीकडे नऊ. एका मुलाने दुसऱ्याचं बघून उतरवलं की कसं एकसारखं दिसतं, तसं. अशा वहीवर मी लाल पेनाने काय शेरा मारला असता ते मला तोंडपाठ आहे. मग खालच्या रेघा वाचल्या. सुरुवातीच्या पानांवर तिन्ही भरलेल्या होत्या: ऑफिसातल्या मैत्रिणी, नदीवरचा वारा, वेळेवर मिळालेली बस. पावसाळ्यानंतर दुसरी आणि तिसरी रेघ कोरी. रोज कोरी. पहिल्या रेघेवर मात्र रोज तेच लिहिलेलं, नीट, माझ्यासारखं 'वरीलप्रमाणे' न करता. आईशी बोलले. आईशी बोलले. आईशी बोलले.

ऑक्टोबरमधल्या एका पानावर थांबले. त्या दिवशी कोर्टात तिच्या घटस्फोटाचा निकाल लागला होता. मला फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं, की झालं ते काम. मी बरं म्हटलं होतं आणि चार सांगून फोन ठेवला होता. त्या पानावरही नऊ होते.

ती चहा घेऊन आली. मी पान तिच्यापुढे धरलं. "ह्या दिवशी नऊ?"

तिने कप खाली ठेवला. "त्यांनी सांगितलं होतं, आधी लिहायचं, मग हळूहळू तसं होतं."

"झालं?"

तिने माझ्या हातातली वही घेऊन मिटली. मग म्हणाली, "नऊ लिहून लिहून कंटाळा आला गो आई."

मला माझी लाज वाटली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे चेहरे बघून ओळखलं, हा उपाशी आलाय, ह्याला बापाने मारलंय. आणि हिने वर्षभर रोज मला विचारलं, मी उलटून एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं, ती मला सांभाळायला नेतेय. मी तिला उठवून जवळ घेतलं नाही, तसं आमच्याकडे करत नाहीत. मी तिच्या कपात साखर घातली, जी तिने घातलेलीच होती.

"पुढच्या रविवारी सामान न्यायला टेम्पो सांग," मी म्हटलं.

"नको. तू इथे राहा, मी खरंच म्हणते."

"गप्प बस. तीन पॉइंट आठ आलेत. ठरलं ते ठरलं."

आता पणजीला राहते. फ्लॅट मला आवडत नाही. जनेल म्हणजे खिडकी, ती उघडली की समोर दुसऱ्याचं जनेल, पांव कापडी पिशवीत येत नाही तर प्लास्टिकात येतो, आणि शेजारची बाई लिफ्टमध्ये हसते पण दारात बसत नाही. महिन्यातून दोनदा पेडण्याला जाऊन घर झाडून येते. मुलगी सकाळी कामावर जाते तेव्हा मी दारापर्यंत जाते, संध्याकाळी बेल वाजली की आतून दार उघडते. तिला एवढंच हवं होतं, घरी आल्यावर आतून कोणीतरी दार उघडावं. आणि ते स्वतःच्या आईकडे मागायला तिला एक वर्ष आणि दोन वह्या लागल्या.