आधी दुकानदाराचं घर

खरेदी ही गोष्ट आमच्या आतोबांइतकी मनावर घेणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होण्याची आशाही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दौंडला रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे हिरवा झेंडा दाखवण्याआधी सगळं नीट न्याहाळायचं ही सवय हाडीमाशी खिळलेली. टेपरेकॉर्डर असो, मिक्सर असो की फ्रिज, नात्यात कुणाचीही खरेदी त्यांच्यावाचून अडायची. यंत्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच अभिमानानं सांगत. "वस्तू काय, समद्या कारखान्यातनंच येत्यात. मानूस कसा हाय ते बघायचं!" आणि माणूस बघायचा तो दुकानात नव्हे, त्याच्या घरी जाऊन. "पोरगी द्यायच्या आधी घर बघता ना? मंग पैसं द्यायच्या आधी नको बघाया?"

नव्वदच्या दशकात आमच्या शिरूरच्या घरी पहिला रंगीत टीव्ही घ्यायचा ठरला, तेव्हा आतोबा दौंडहून एसटीनं आले आणि वडिलांना घेऊन थेट दुकानदाराच्या घरी पोचले. दुकानदार अंघोळीला गेलेला. त्याच्या बायकोला वाटलं, मुलीला बघायला पाहुणे आले. बिचारीनं घाईघाईनं कांदेपोहे टाकले! आतोबांनी ते चवीनं खाल्ले, दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांच्या न्हावऱ्याच्या पाहुण्यांत आपली कुठलीशी सोयरीक शोधून काढली, आणि टीव्ही कोणता द्यायचा ते दुकानदारावरच सोडून मोकळे झाले. वडिलांना तर कुठं तोंड लपवू असं झालं होतं. पण पुढं वाऱ्यानं अँटेना फिरला की तो दुकानदार स्वतः आमच्या पत्र्यावर चढायचा. सोयऱ्याला नाही कसं म्हणणार?

पुढं आत्याला अर्धांगवायू झाला. बोलघेवडी, गावभर फिरणारी बाई खाटेला खिळली. समोरचा टीव्ही हाच तिचा शेजार आणि हाच तिचा बाजार. तो एकदा आठवडाभर बंद पडला, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली, धड जेवेना. म्हणून नवा घ्यायचं ठरलं. नगर रोडला तेव्हा नुकतंच एक भलंमोठं दुकान निघालं होतं. गार हवा, टीव्हींची अख्खी भिंत, घसघशीत सूट आणि वर इस्त्री फुकट! मी आतोबांना ओढतच तिथं नेलं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं सगळे गुण पाठ म्हणून दाखवले. आतोबांनी शांतपणे विचारलं, "आपका घर किधर हाय?"

"गोरखपूर, अंकल. इधर सणसवाडी में रूम है."

"आन् मालकाचं?"

"मालिक नहीं, कंपनी है."

"मंग कंपनी ऱ्हाती कुठं? बिघडला तर कुनाच्या दारात जायचं?"

विक्रेत्यानं एक फोन नंबर दाखवला. आतोबांनी तो तिथल्या तिथं लावायला लावला. पलीकडून गाणं वाजू लागलं. बराच वेळ त्यांनी ते मन लावून ऐकलं, मग फोन ठेवला. "गानं ग्वाड हाय. पर तुज्या आत्याला मानूस लागंल." मग त्या विक्रेत्याला गोरखपूरची गाडी दौंडला कोणत्या फलाटावर येते ते समजावलं, गावी जाताना घरी जेवून जा म्हणून बजावलं, आणि रिकाम्या हातानं बाहेर पडले. मी जाम वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू!

टीव्ही घेतला तो दौंडातल्याच एका छोट्या दुकानातून. सूट नाही, इस्त्री नाही. अर्थात घर बघूनच. वर्षभरानं तो बिघडला, तेव्हा दुकानदार आला आणि मागोमाग हातगाडीवरून त्याच्या घरातला टीव्ही आला. "काकू, दुरुस्त व्हईस्तोवर ह्यो बघा. तेवढंच आमची पोरं अभ्यास करत्याल." आत्या इतकी हसली, की मी मनातल्या मनात आतोबांना हात जोडले.

आत्या गेली, त्यानंतर महिन्याभरानं मी दौंडला गेलो. दुकानाचा सुट्टीचा वार होता. दुकानदार आतोबांच्या शेजारी बसलेला, आणि दोघं मिळून आत्याची ती सासू-सुनांची मालिका बघत होते. ती लागली की आतोबा पूर्वी तडक अंगणात जाऊन बसत.

"आतोबा, तुम्ही आणि ही मालिका?"

"मला कुठं काय कळतंय? ह्यो सांगतो समजावून," ते म्हणाले. "पर तिची अर्धीच ऱ्हायली ना. फुडं काय झालं ते कुनीतरी बघाया पायजे."

दुकानदारानं उठून आवाज थोडा वाढवला. मी आपला त्यांच्याजवळ जाऊन बसलो.